घरगाडीतला पंप आणि जावेचं पाणी

माझ्या धाकट्या दिराने मिनीबसमध्ये ग्रॅनाइटचा ओटा बसवून घेतला, तेव्हाच मी मनात म्हटलं, संपलं. ही गाडी आता आपल्याला छळणार. हो, ग्रॅनाइटचाच म्हणतेय मी. चालत्या गाडीत. काळाभोर, चकचकीत, कडा गोल घासून घेतलेल्या, बंगल्यात असतो अगदी तसा. वर छताला पीओपी केलं होतं, त्यात फुलं काढली होती आणि मधोमध झुंबर. कोन गावच्या गॅरेजमधून गाडी पनवेलला आणेपर्यंत ते झुंबर दिराच्याच डोक्याला तीनदा लागलं, तरी पठ्ठ्याने काढलं नाही. पीओपीचं काय झालं ते ज्यांनी आमचे रस्ते पाहिलेत त्यांना सांगायला नको. पहिल्याच आठवड्यात सगळ्यांच्या केसांवर पांढरा भुगा. मला त्याचं काही वाटलं नाही, कारण माझा उभा जन्म पिठातच गेलाय. पनवेलात आमची पिठाची गिरणी होती. नवरा गेल्यावर ती मीच चालवली. मोटर, पट्टा, दगडांना टाकी लावणं, सगळं बघून बघून शिकले.

तर ही घरगाडी. नेऱ्याच्या बाजूची आमची जमीन त्या सुमाराला विकली गेली. जिथे आम्ही गुडघाभर चिखलात भात लावला तिथे आता मुंबईवाल्यांचे पोहायचे तलाव आहेत. माझ्या वाट्याच्या पैशात मी गिरणीचं छप्पर नवं केलं आणि गप्प बसले. दिराला गप्प बसवेना. आधी बंगला झाला. मग कुणाच्या तरी मोबाइलवर त्याने एक गोरं जोडपं बघितलं. ते गाडीतच राहत होतं, गाडीतच जेवत होतं, डोंगरात गाडी लावून कॉफी पीत होतं. झालं. "आपलीपन अशी पायजे." कुठल्याशा कंपनीची भंगारात निघालेली मिनीबस घेतली आणि त्याचा बंगला ज्याने बांधला त्याच कंत्राटदाराच्या हवाली केली. आता बंगल्याच्या कंत्राटदाराला गाडी दिल्यावर तो तिचा बंगलाच करणार. त्याचा बिचाऱ्याचा काय दोष? बिचारा कसला म्हणा. पुढे कळेल.

हे सगळं माझ्या जावेसाठी चाललंय असं दीर सगळ्या भावकीत सांगत फिरत होता. त्यात थोडं खरं होतं, ते नाकारत नाही. जावेची पिशवी काढली होती. त्यानंतर तिला लघवीचा त्रास जडला. तासा-दीड तासाने जावं लागायचं, आणि जरा तुंबवली की जळजळ, थंडी, ताप. डॉक्टरीणबाईंनी दोनच गोष्टी बजावल्या होत्या. पाणी भरपूर प्यायचं आणि लागली की जायचं. यातलं एकही बाईला घराबाहेर जमत नाही हे बायकांना माहीत आहे, बाप्यांना कधी विचार करावा लागत नाही. त्यामुळे तिचं लग्नाकार्याला जाणं सुटलं, माहेरी जाणं सुटलं. ऑपरेशनच्या वेळी तिने कार्ल्याच्या आईला ओटी बोलली होती, ती दोन वर्षं तशीच राहिली होती. गाडीत संडास असला तर आपण डोंगरापर्यंत तरी पोचू, एवढाच तिचा हिशेब. झुंबर तिने मागितलं नव्हतं.

आता पंपाकडे येते. पंप दिसायला छोटासाच होता, पावाच्या अर्ध्या लादीएवढा. गाडीच्या बॅटरीवर चालायचा. नळ उघडला की आपला आपण सुरू, बंद केला की बंद. त्याला खाली रबराचे चार मऊ पाय होते. कंत्राटदाराने ते बोटाने दाबून पाहिले तेव्हा मी तिथेच होते, गॅरेजात डबा घेऊन गेले होते.

"शेठ, हे लुगूलुगू हालतंय," तो म्हणाला. "रस्त्यात निघून पडंल."

"काढ मग ते," दीर म्हणाला. "एकदम पक्कं कर. हाललं नाय पायजे."

आमच्या लोकांना या पक्क्याचं खूळच लागलंय. कुडाच्या भिंतीत आणि शेणाच्या जमिनीवर पिढ्या गेल्या ना, म्हणून पैसा आल्यावर पहिला सूड उगवला तो मऊ, वाकणाऱ्या, हलणाऱ्या सगळ्या गोष्टींवर. अंगणाला काँक्रीट. तुळशीला टाइल्स. विहिरीवर स्लॅब. शेजाऱ्याकडे आंब्याच्या बुंध्याला कट्टा बांधला तोही इतका आवळून, की झाडच वाळलं. तीच बुद्धी इथे. रबराचे पाय उपटून फेकले, आणि पंप अंगठ्याएवढ्या चार बोल्टांनी गाडीच्या लोखंडी सांगाड्याला आवळला. पुढे कडक प्लास्टिकचा पाइप, त्याला वीतभर अंतरावर क्लिपा. भोवती प्लायवूडची पेटी, वर सनमायका. ही पेटी कुठे? संडासाच्या दाराला लागून.

पहिली सफर अलिबागच्या पुढे केली. सुरूच्या बनात गाडी लावली. दीर, कंत्राटदार आणि त्यांचे दोन-तीन सोबती खाली खुर्च्या टाकून बसले. आम्ही दोघी जावा आत, ग्रॅनाइटच्या ओट्यावर मासे तळत. जाऊ उठून मागे गेली. थोड्या वेळाने तिने नळ उघडला.

मी गिरणीतली बाई, पण हातातलं उलथणं पडलं. तो पंपाचा आवाज वाटेचना. अख्खी गाडी ओरडत होती. पत्रा, ओटा, खिडक्यांच्या काचा, झुंबराचे लोलक, मांडणीतल्या ताटल्या, सगळे एका सुरात. पत्र्याच्या रिकाम्या पिंपात खडे भरून ते कुणी उतारावरून ढकलून द्यावं तसं.

खालून कंत्राटदार ओरडला, "शेठ, वयनींचं इंजिन चालू झालं!"

सगळे खो खो हसले. त्यात दिराचं हसणं सगळ्यांत मोठं. आणि मी? मीही हसले. मासा उलटत उलटत हसले. लिहायला बरं वाटत नाही, पण हसले. जाऊ बाहेर आली, पदर सारखा केला, माझ्या हातातलं उलथणं घेतलं आणि पुढचा मासा उलटला.

दुसऱ्या खेपेला कंत्राटदार म्हणाला, "बाजूला व्हा रे, बोट सुटली!" एकाने भोंगा वाजवून दाखवला. मोठी मोठी माणसं, एकाच्या गळ्यात पाच तोळ्यांची साखळी, एक गावचा पुढारी, आणि एका बाईने संडासात पाणी ओतलं याची एवढी मौज. यांच्या घरी काय देव्हाऱ्यात जाऊन बसतात सगळे?

तिसऱ्या खेपेला जावेने आपली युक्ती केली. नळ पूर्ण उघडायचाच नाही. दोऱ्याएवढी धार सोडायची. तिला वाटलं थोडं पाणी, थोडा आवाज. झालं उलटंच. धार बारीक असली की तो पंप सलग चालत नाही. टर्र करतो, गप्प होतो. पुन्हा टर्र, पुन्हा गप्प. आणि दोऱ्याएवढ्या धारेने डबडं भरायला वेळही चौपट. आतून अडखळत टर्र टर्र चाललेलं, बाहेर हे लोक दर वेळी "अरेरे, बंद पडली, धक्का मारा!" करतायत. ती आत कशी उभी असेल कोण जाणे.

त्यानंतर ती गेलीच नाही. मला वाटलं बरं वाटत असेल तिला. दुसऱ्या दिवशी घरी पोचेपर्यंत तिचे ओठ सुकून पापडी झाले होते, आणि तिसऱ्या दिवशी ताप चढला. मी बघायला गेले तर डॉक्टरीणबाई तिला बोलत होत्या, "पाणी का नाही प्यायलात? सांगितलं होतं ना?" ती भिंतीकडे बघत होती. बाई गेल्यावर मी म्हटलं, "का गो? टाकीभर पाणी होतं गाडीत."

"बाय, पाणी पिलं का जावं लागतं," ती म्हणाली. "आन् गेलं का तो बोंब मारतो. दोन दिस मी चूळ भरून थुकलं."

तेव्हा मला माझं ते हसणं आठवलं, आणि अंगावर पाल पडावी तसं झालं.

दिराला सांगितलं. त्याच्या कपाळावर आठी. "एवढी गाडी केली हिच्यासाठी, तरी रडगाणं हायच." पण बायको तापाने फणफणलेली, त्यात मी डोक्यावर बसलेली, म्हणून उपाय सुरू झाले. त्याच्या बुद्धीचे उपाय. पहिला, पंपावर जुनी गोधडी कोंबायची. आवाज तेवढाच राहिला आणि पंप इतका तापला की गोधडीला करपल्याचा वास सुटला. दुसरा उपाय कंत्राटदाराचा. "शेठ, ढिला असंल म्हणून वाजतोय." मग आणखी दोन पट्ट्या, आणखी चार बोल्ट. आता ताटल्याच काय, गाडीतल्या देव्हाऱ्यातला गणपतीही थरथरायला लागला.

तिसरा उपाय मात्र ऐकण्यासारखा आहे. संडासाच्या दाराला एक बटण लावलं. दार आतून लावलं की गाडीतली गाणी आपोआप सुरू, आणि तीही हळदीत वाजवतात ती बेंजोची, पूर्ण आवाजात. पंप ऐकूच येणार नाही म्हणे. दोघेही इतके खूश, की मला मुद्दाम गिरणीतून बोलावून दाखवलं.

"कसं काय वयनी? डोकं हाय का नाय?"

"हाय ना," मी म्हटलं. "आधी ती नळ सोडायची तेव्हा लोकांना कळायचं. आता कडी लावली की कळंल. वर तुमचे सोबती नाचायलापन लागतील."

कंत्राटदार "वयनी मस्करी करतात" म्हणून हसला. दीर हसला नाही. त्याला अर्धं कळलं असावं. अर्धंच कळतं त्याला, लहानपणापासून.

चैत्र जवळ आला. भावकी कार्ल्याला निघायची बोलणी झाली, घरगाडी पुढे राहणार हे ठरलं, आणि जाऊ म्हणाली, "मी नाय येत." एवढंच. कारण सांगितलं नाही. दीर म्हणाला, नको तर नको, ओटी दुसरं कुणी भरंल. किती सोपं. नवस हिने बोलायचा, वेदना हिने काढायच्या, ओटी दुसऱ्या कुणी भरायची आणि झुंबराच्या गाडीतून हे मिरवणार. मी तिथल्या तिथे ठरवलं की पंपाचं मीच बघते. आवाज राहिला तर जाऊ घरी राहील, नाहीतर पाणी न पिता येऊन पुन्हा अंथरूण धरील, आणि दोन्ही मला बघवणार नव्हतं.

मला हे येतं असा ताठा नव्हता. पण एक गोष्ट ठाऊक होती. आमच्या गिरणीच्या डोक्यावर एक मास्तर भाड्याने राहायचे. मोटर सुरू झाली की त्यांच्या फळीवरचे कप चालत चालत कडेला यायचे आणि पडायचे. रोज भांडण. नवऱ्याने मोटर आणखी आवळली, आणखी कप फुटले. शेवटी एक म्हातारा फिटर आणला. त्याने मोटर बघितलीच नाही, आधी जमिनीला हात लावला, मग भिंतीला. म्हणाला, "भाभी, मोटरचा आवाज एवढाच हाय, बाकी तुमची बिल्डिंग वाजते." मग ट्रकच्या जुन्या टायरचे तुकडे कापून मोटरीखाली घातले, बोल्टच्या डोक्याखालीही रबराच्या चकत्या, म्हणजे लोखंडाला लोखंड कुठे लागायलाच नको. नट बोटाने फिरतील तेवढेच फिरवले, वर पान्याने पाव आटा, म्हणजे पाव फेरा. मोटर आपल्या जागी डुलत राहिली आणि मास्तरांचे कप फळीवर राहिले. हे मी गव्हाचं पोतं सोडत बघितलं होतं. तेवढंच माझं शिक्षण.

एका दुपारी दीर आणि कंत्राटदार उलव्याला कुठलंसं बांधकाम बघायला गेले. मी टायरच्या दुकानातून ट्रकची फाटकी ट्यूब आणली, गादीवाल्याकडून फोमच्या पट्ट्या आणि हार्डवेअरवाल्याकडून हातभर जाळीचा नळा, तो मऊ, वाकणारा असतो ना, तो. जावेला म्हटलं, "चल, टॉर्च धर." ती आधी येईचना. "ते ओरडतील." मी म्हटलं, "ओरडू दे. त्यांच्या पंपाहून मोठ्यांदा ओरडतील काय?" तेव्हा जरा हसली.

पेटी उघडली. आत बघून मला रडू का हसू कळेना. एवढासा पंप आणि आठ बोल्ट. साखळदंडात बांधलेला उंदीर. आधीच्या मालकाने बसमध्ये टाकलेला पाना होता, त्याने एकेक बोल्ट सोडवला. ते इतके आवळले होते की शेवटचा सोडवायला मी पान्यावर पाय देऊन उभी राहिले, जावेने मला मागून धरलं. तिला म्हटलं, सोडू नको, पडले तर ग्रॅनाइटवर पडेन, आणि ग्रॅनाइटला चरा गेला तर भावजी रडतील.

ट्यूबचे चौकोन कापून चार-चार पदरी चळती केल्या. त्या पंपाखाली. बोल्टच्या डोक्याखाली चकत्या. आठातले चारच बोल्ट घातले, नट हाताने फिरवले आणि पाव आटा. मग पंपाच्या तोंडाशी कडक पाइप वीतभर कापला, आत यायचा तिथेही आणि बाहेर जायचा तिथेही, आणि मधे मऊ नळा घातला, जरा वळसा ठेवून, ताणलेला नाही. पेटीला जिथून पाइप बाहेर जायचा ते भोक मोठं करून कडेने फोम. पंपावर काहीच घातलं नाही, त्यालाही वारा लागतो.

"उघड नळ," मी म्हटलं.

तिने सवयीने दोऱ्याएवढा उघडला. टुक. टुक. टुक.

"तसा नको गो. पुरा उघड. पुरा उघडलास तर तो सलग चालतो, आचके देत नाही. तुझ्या त्या काटकसरीनेच जास्त बोंब झाली."

तिने माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी तिला नागडं उभं राहायला सांगितलं. मग डोळे मिटून नळ पूर्ण फिरवला. गुर्र, एवढंच. आई वाटीत ताक घुसळते तेवढं. मी तिला आत ठेवून खाली उतरले, पुरुषांच्या खुर्च्या लागतात तेवढ्या अंतरावर जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "उघड!" काहीच नाही. पुन्हा म्हटलं, "अगो, उघड की!" तर आतून ती म्हणाली, "बाय, बादली भरली." आम्ही दोघी त्या गाडीत खाली बसून किती हसलो असू. पाना हातात, हात काळे.

हे असंच राहिलं असतं तर मला लिहायला काही उरलं नसतं. पण संध्याकाळी दीर आला. आम्ही सांगायच्या आधीच पेटी उघडी दिसली. वाकून बघितलं, पंपाला बोट लावलं. पंप हलला.

आवाज ऐकायची तसदी नाही घेतली. नळ उघडून बघितला नाही. हललं ना, मग बिघडलं. कंत्राटदाराला फोन केला, दोघांनी मिळून नट असे आवळले की ट्यूबच्या चळती चेपून कागद झाल्या. उरलेले चार बोल्टही पुन्हा ठोकले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोचले तर जाऊ बंगल्याच्या पायरीवर बसलेली. मला म्हणाली, "ऱ्हाऊ दे बाय. मी घरीच बरी." गाडीतून तोच पिंपाचा आवाज, कंत्राटदार नळ उघडून बघत होता. "बघा वयनी, कसा दणदणीत चालतोय. काल तुमी ढिला करून ठेवलेला."

माझं डोकं फिरलं. मी बाप्यांवर ओरडत नाही, लहानपणापासून ओरडू दिलेलं नाही. पण त्या दिवशी दिराला हात धरून गाडीत नेलं. नळ सोडला. त्याचा पंजा ओट्यावर दाबला.

"काय लागतं हाताला?"

"थरथरतंय."

"ओटा काय पाणी खेचतो? हा कशाला थरथरतो?" मी पाना घेतला आणि पंप चालू असतानाच एकेक नट सैल करत गेले. आवाज उतरत गेला. पत्रा गप्प झाला, मग काचा, मग झुंबर. ओटा शेवटी. "आता काय लागतं?"

"काय नाय."

"मग? पंप तोच, पाणी तेच. तुमी त्याला गाडीला जखडलं, म्हणून गाडी ओरडत होती. आन् गाडीच्या आत तुमची बायको होती. तिला तुमी इंजिन म्हणालात."

"मी नाय म्हणालो, हा म्हणाला."

हे उत्तर. जमिनीचा मालक, बंगल्याचा मालक, पन्नाशीला आलेला माणूस, आणि हे उत्तर. कंत्राटदार दारात उभा होता, तो चपलेकडे बघायला लागला.

"तुमी हसलात," मी म्हटलं. "मीपन हसले. दोन दिवस ती पाण्यावाचून बसली ते ह्या हसण्यापायी."

दिराने ओट्यावरचा हात काढून घेतला. मला वाटलं, आता बोलेल काहीतरी माणसासारखं. तर म्हणाला, "वयनी, पन घाटात निघून पडला तर?"

"पडला तर मी मांडीवर घेऊन बसते." आणि पाना माझ्या पिशवीत टाकला. कार्ल्याहून परत येईपर्यंत तो माझ्याच पिशवीत होता, पोळ्यांच्या डब्याखाली. चेपलेल्या चळती काढून नव्या घातल्या. बेंजोच्या बटणाची तारही जाता जाता कापली. ती कशी तुटली हे कंत्राटदाराला अजून कळलेलं नाही, असं मला वाटतं.

निघायच्या दिवशी जाऊ गाडीत बसली, पण बसली ती दाराजवळ, तोंड बाहेर करून. खोपोलीपर्यंत तिने तांब्याला हात लावला नाही. घाट चढलो. पंप निघून पडला नाही. मागे जाऊन मी दोनदा पेटी उघडून बघितलं, जागच्या जागी डुलत होता. डोंगराच्या पायथ्याशी, जिथे भावकीच्या गाड्या लागतात, तिथे दिराने गाडी सावलीत घेतली. खुर्च्या खाली उतरल्या. तीच माणसं, तीच साखळी, तोच पुढारी. कंत्राटदाराने खुर्ची नेमकी गाडीच्या मागच्या बाजूला लावली. सवय, दुसरं काय?

जाऊ उठली. तांब्या उचलला, आणि उभ्या उभ्या घटाघट प्यायली, सगळा. थोडं हनुवटीवरून ओघळलं. मग दुसरा भरला, तो अर्धा प्यायली. ओटीचं ताट भरून ठेवलं, खण, नारळ, तांदूळ, हळकुंडं नीट लावली. अर्ध्या तासाने म्हणाली, "बाय, जरा ताट बघ." आणि मागे गेली. कडी लागली.

मी खिडकीतून खाली बघत होते. कडीचा आवाज ऐकून कंत्राटदाराने सोबत्यांना डोळा मारला. तोंड उघडून तयार बसला होता. सगळे तयार बसले होते. थांबले. आणखी थांबले. कुणीतरी दूर ढोल वाजवत होतं, पोरं भजी मागत होती, गाडीतून काहीच येईना. कंत्राटदाराचं तोंड तसंच उघडं. शेवटी दीर अस्वस्थ होऊन उठला, खिडकीशी आला आणि मला कुजबुजत म्हणाला, "वयनी, पाणी येतंय ना तिला? का बंद पडला?"

मी उत्तर द्यायच्या आत दार उघडलं. जाऊ बाहेर आली ती सरळ पायऱ्या उतरून खाली, पुरुषांच्या मधोमध. कोपरापर्यंत हात ओले, चेहरा धुतलेला. नवऱ्यासमोर हात धरून उभी राहिली.

"झुंबर लावलंत, फरशी लावलीत, फुलं काढलीत वर," ती म्हणाली, अगदी शांतपणे, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. "टॉवेल टांगायला एक खिळा नाय ठोकलात. हात कशाला पुसू, तुमच्या ह्या सोबत्याच्या साखळीला?"

आणि नवऱ्याच्या नव्या कोऱ्या पांढऱ्या सदऱ्याला हात पुसून ती ओटीचं ताट घ्यायला वर आली.